म्हाळूनं चाकाला जागा करून दिली

एका डोंगराच्या माथ्यावर मुरमटेक नावाची वाडी होती, आणि त्या वाडीत म्हाळू नावाचा एक भोळा वेल्डर राहत होता. भोळा हा वाडीचा शब्द. त्याच्या बायकोचा, हौसाचा, शब्द वेगळा होता. पण तो लहान मुलांसमोर सांगण्यासारखा नाही.

म्हाळूच्या हाताला तोड नव्हती. त्यानं मारलेला जोड कधी तुटत नसे, शेजारचं लोखंड तुटायचं. डोकंही काही रिकामं नव्हतं. एकदा त्यात शिरलेली गोष्ट बाहेर पडत नसे, एवढंच. सांगितलेलं तो कान देऊन ऐकायचा, शब्दन् शब्द लक्षात ठेवायचा, आणि ज्या कामाबद्दल सांगितलं ते सोडून पुढच्या कामाला वापरायचा.

मुरमटेकवर माणसांपेक्षा म्हशी जास्त होत्या. रोज सकाळी दूधसंस्थेची जीप दुधाचे कॅन घेऊन डोंगराखालच्या शीतकरण केंद्रावर जायची. मधे रस्ता होता. म्हणजे कागदावर होता. कागदावर त्याच्यावर मुरूम पडला, खडी पडली, वरून डांबरही पडलं. ठेकेदार म्हणजे संस्थेचे चेअरमन रंगराव यांचा सख्खा मेहुणा, त्यामुळे कागद फार सुबक झाले होते. डोंगरावर मात्र नुसते खड्डे. त्यातले काही इतके जुने की त्यांना नावं पडली होती. एकाला तलाठ्याचा खड्डा म्हणत, कारण तलाठी त्यात पडला तेव्हापासून वाडीत फिरकलाच नव्हता.

या रस्त्यानं जीप खाली पोचेपर्यंत दूध घुसळून निघायचं. झाकण उघडलं की वर लोण्याचा गोळा आणि खाली पांचट पाणी. केंद्रावरचे तपासनीस एक दिवस भडकले. म्हणाले, "मुरमटेकचं दूध यापुढं असंच आलं, तर घेणं बंद. कायमचं बंद."

वाडीच्या तोंडचं पाणी पळालं. हौसाच्या दावणीला एकच म्हैस होती, काशी. काशीच्या दुधावर त्यांची चूल पेटत होती, कारण म्हाळूला काम देणारा माणूस सहसा दुसऱ्यांदा देत नसे. दूध बंद झालं तर काशीला बाजार दाखवावा लागणार होता. घरोघरी हीच गत.

संस्थेची सभा भरली. कुणीतरी मागून म्हणालं, "रस्ता करा की."

रंगराव शांतपणे म्हणाले, "रस्ता झालाय."

"कुठं झालाय?"

"कागद दाखवू? झालेला रस्ता परत कसा करायचा? सरकारला काय तोंड दाखवायचं?"

मग असं ठरलं की रस्ता होऊन गेलाय तर आता जीपच सुधारावी. ठराव एकमतानं झाला. म्हाळू भोळा म्हणून वाडी त्याला हसायची. त्या सभेत म्हाळू नव्हता, एवढं ध्यानात ठेवा.

तालुक्याहून दस्तगीर मिस्त्रींना बोलावलं. पैसेवाल्यांच्या पोरांना सुखाचा जीव दुःखात घालायची हौस असते. चांगला रस्ता सोडून दगडधोंड्यातून गाड्या उडवायच्या, चिखलात रुतवायच्या, फोटो काढायचे. त्या गाड्या बांधून बांधून मिस्त्रींचा हात बसला होता. त्यांनी जीपखाली पाठीवर सरपटत जाऊन मागचा भाग बघितला आणि बाहेर येऊन हात पुसले.

"ह्या जुन्या लोखंडी पाट्यांवर चाक वीतभरच खाली जातंय," ते म्हणाले. "खड्डा हाय हातभर. मग चाक हवेत लोंबकळतंय, गाडी कलती, आन् दूध घुसळतंय. पाटे काढून टाकू. लांब स्प्रिंगा घालू, धक्का खाणारे लांब शॉकप घालू, दोन चाकांमधल्या ॲक्सलला लांब दांड्या लावू. चाकानं हातभर खाली जावं, हातभर वर यावं. त्यानं काय नाचायचं ते नाचू द्या. वरच्या दुधाला पत्ता लागला न्हाई पायजे."

"वेल्डर आमच्याकडं हाय," रंगराव म्हणाले. वेल्डर घरचा असला की संस्थेचा खर्च वाचतो, आणि वाचलेला खर्च कुठं जातो हे सभेत विचारायची पद्धत नव्हती.

अशा रीतीनं म्हाळू कामाला लागला.

पहिल्या दिवशी मिस्त्रींनी शॉकपाचा ब्रॅकेट चेसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, धरला. तो हलू नये म्हणून आपल्या जुन्या पान्यानं आवळला, शेजारी माप बघायची टेप लावली आणि खूण केली. मग म्हणाले, "म्हाळू, मी जेवून येतो. हितं जे जसं हाय, ते तसंच पक्कं कर. हत्तीनं ओढलं तरी निघता कामा न्हाई."

मिस्त्री जेवून आले. ब्रॅकेट पक्का होता. पानाही पक्का होता. टेपसुद्धा पक्की होती. तिचं निम्मं पातं बाहेर लोंबत होतं. मिस्त्रींनी पाना ओढून बघितला. निघेना. जॅक लावून चाक वर घेतलं, तर ते पान्याच्या दांड्यावर जाऊन खाडकन आपटलं.

"आरं, माझा पाना कशापायी जोडलास?"

"तुमीच म्हणला, हितं जे हाय ते तसंच पक्कं कर."

मिस्त्रींनी आभाळाकडं बघितलं. "या अल्ला. ऐक लेका. एकदम पक्कं करायचं नसतं. आधी नुसता टाका मारायचा. मग हलवून बघायचं. चांगलं गदागदा हलवायचं. सगळं बरोबर वाटलं, की मगच पक्कं. आलं का ध्यानात?"

"आलं," म्हाळू म्हणाला.

आणि खरंच आलं होतं.

संध्याकाळी घरी गेला. हौसा चुलीपुढं होती. तिनं आतून सांगितलं, "काशीला तेवढं बांधा."

म्हाळूनं दावं घेतलं. एकदम पक्कं करायचं नसतं हे त्याला आता कळत होतं. त्यानं दाव्याचा नुसता एक पदर खुंटीला अडकवला. मग काशीच्या शिंगांना धरून तिला गदागदा हलवलं. काशी इतकी वर्षं त्या दारात होती, पण असं तिला कुणी वागवलं नव्हतं. तिनं पदर सोडवला आणि शेपूट वर करून निघून गेली. ती थेट रंगरावांच्या परड्यात. तिथं शेंगांचे वेल वाळत घातले होते. सकाळी वेल नव्हते, काशी तेवढी होती.

रंगराव दारात येऊन नको नको ते बोलून गेले. हौसानं कपाळाला हात लावला.

"म्हस का सोडली?"

"सोडली न्हाई. आधी टाका मारला, हालवून बघितलं. पक्कं करणारच हुतो, तवर ती गेली."

"अवो, म्हस हाय का गज?" हौसा कडाडली. "हालणारा जिन्नस असा बांधत्यात व्हय? दोन्हीकडनं आवळायचा. करकचून. बोटभर हालता कामा न्हाई. कळलं?"

"कळलं," म्हाळू म्हणाला.

दुसऱ्या दिवसापर्यंत पाटे निघाले होते, लांब स्प्रिंगा बसल्या होत्या. मिस्त्री खूश होते. चाक दाबलं की दबत होतं, सोडलं की खाली उतरत होतं. आता एकच भीती होती. चाक फारच खाली गेलं तर स्प्रिंग बैठकीतून निसटायची. त्यासाठी ॲक्सल आणि चेसी यांच्यात एक मजबूत पट्टा लावतात. मिस्त्रींनी दोन पट्टे म्हाळूच्या हातात दिले. "दोन्ही बाजूंना एक एक बांध," म्हणाले आणि गाडीचे ब्रेक बघायला बसले.

म्हाळूनं ॲक्सलकडं बघितलं. हा जिन्नस हलत होता. सकाळी हौसा काय म्हणाली ते त्याला आठवलं. त्यानं चेसीवर पाय दिला, दात ओठ खाल्ले आणि पट्टा असा आवळला की ॲक्सल चेसीला जाऊन भिडला. मग दुसऱ्या बाजूचा. बोटभर सोडा, केसभरसुद्धा हलत नव्हतं.

वेळ अशी की दूध भरून तयार होतं आणि जीप निघायलाच हवी होती. मिस्त्री स्वतः चालवायला बसले. तलाठ्याच्या खड्ड्यात त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पुढच्या वळणाला त्यांचे दात एकमेकांवर आपटायला लागले. खाली पोचेपर्यंत त्यांची टोपी मागच्या कॅनपाशी गेली होती.

तपासनिसांनी झाकण उघडलं. आत हात घालून नारळाएवढा लोण्याचा गोळा काढला.

"हे काय?"

मिस्त्रींनी कॅनपाशी पडलेली टोपी उचलून झटकली.

"ही शेवटची ताकीद," तपासनीस म्हणाले. "पुढच्या खेपेला लोण्याचा कण दिसला, तर परत डोंगर उतरायची गरज नाही." गोळा मात्र त्यांनी परत दिला नाही.

वर आल्यावर मिस्त्री जीपखाली गेले. मग आतूनच आवाज आला. "म्हाळू, हे कुणी शिकीवलं?"

"बायकोनं."

"तिला जीप कळती?"

"म्हस कळती."

मिस्त्री बाहेर आले. चिडले तरी आवाज चढवत नसत, फक्त मिशीचं टोक चावत. "हे बघ. पट्ट्याला ढील ठेवायची. चांगली हातभर. गाडी हालती, तिच्यासंगं सगळं हालतं. हालायला वाव दिला न्हाई की सगळं मोडतं. आलं का ध्यानात?"

"आलं."

म्हाळूनं पट्टे सैल केले. हातभर ढील ठेवली, तीही मोजून. मिस्त्रींनी बघितलं आणि पहिल्यांदा त्याच्या पाठीवर थाप मारली. आपण सुधारतोय असं म्हाळूला वाटायला लागलं. हौसानंही त्या दिवशी त्याला ताटात दोन भाकरी जास्त वाढल्या.

आता मिस्त्री शहाणे झाले होते. म्हणाले, "दुधाशी खेळायचं न्हाई. उद्याची चाचणी पाणी भरून घिऊ. म्हाळू, कॅनात पाणी भर आन् कॅन बांधून घे."

म्हाळूनं निम्मे निम्मे कॅन भरले. पाणी आडातून शेंदावं लागायचं आणि चाचणीसाठी एवढं पाणी वाया कशाला घालवायचं, असा त्याचा विचार. मग दोर घेतला. गाडी हलते, तिच्यासंगं सगळं हलतं, हे त्याला पाठ होतं. त्यानं प्रत्येक कॅनला मोजून हातभर ढील ठेवली.

जीप निघाली. चाकं खड्ड्यात उतरत होती, चढत होती, आणि मिस्त्री मनातल्या मनात हसत होते, कारण बसल्या जागी धक्का असा जाणवत नव्हता. पण वळणावर जीप जराशी कलली. निम्म्या कॅनातलं पाणी एका बाजूला धावलं. कॅन आडवे झाले, हातभर सरकले, फळीवरून उतरले, एकमेकांना धडकले, दोर तुटला आणि सगळी वरात डोंगर उतरायला लागली. वाटेत त्यांनी एका बोकडाला पळवलं आणि एका गड्याला झाडावर चढवलं. एक कॅन तर कुठं न थांबता केंद्राच्या दारात जाऊन उभा राहिला, तोही जीपच्या आधी.

तपासनीस बाहेर आले. झाकण उघडलं. आत पाणी.

त्यांनी जीपची वाट बघितली. जीप आल्यावर कॅनकडं बोट दाखवून म्हणाले, "आजवर मला वाटायचं, तुम्ही दुधात पाणी घालता. आता दूध घालायचंही सोडलं?"

मिस्त्रींनी हात जोडले, शपथा घेतल्या. तपासनीस शेवटी म्हणाले, "रविवारी आमदारसाहेब तुमच्या जीपचं उद्घाटन करायला येणार आहेत म्हणतात. मीही येतो. त्या दिवशीचं दूध मी स्वतः तपासणार. केंद्रावर पोचलं आणि चांगलं निघालं तर पुढं चालू. नाहीतर मुरमटेकचं नाव मी पाटीवरून पुसतो."

परतीच्या वाटेवर मिस्त्रींनी म्हाळूला शेजारी बसवलं. "आरं, ढील पट्ट्याला. कॅनला कशापायी? आन् कॅन निम्मे का भरलेस? निम्मं भरलं की डुचमळतं. डुचमळलं की उलथतं. भरायची वस्तू तोंडापतोर भरावी. गच्च. आत पोकळी ऱ्हायली की घात झालाच म्हणून समज. आलं का ध्यानात?"

"आलं," म्हाळू म्हणाला, आणि घरापर्यंत पुटपुटत राहिला, "पोकळी ऱ्हायली की घात."

आता फक्त शॉकप राहिले होते. एवढे लांब शॉकप बाजारात मिळत नव्हते, म्हणून मिस्त्रींनी भंगारातल्या ट्रकच्या शॉकपातून स्वतः घडवले होते. एक नळी, तिच्यात एक दांडा, आणि नळीत तेल. स्प्रिंग दबली की उसळते. ती उसळी हे तेल जिरवतं. मिस्त्रींनी नळीत पाऊण उंचीवर खूण केली. "तेल हितंपतोर भर आन् वरचं तोंड जोडून टाक," म्हणाले. त्यांना तालुक्याला जायचं होतं.

म्हाळूनं खुणेपर्यंत तेल भरलं. आत डोकावून बघितलं. वर पोकळी दिसली.

"घात," तो पुटपुटला. मिस्त्री घाईत विसरले असणार. म्हातारा माणूस, किती गोष्टी डोक्यात ठेवणार? मिस्त्रींचा घात व्हायच्या आत म्हाळूनं नळी तोंडापर्यंत भरली. हलवून आणखी थेंब थेंब घातलं. मग असं जोडलं की मुंगी शिरणार नाही. दुसऱ्या नळीचंही तसंच.

शनिवारी रंगराव म्हणाले, "उद्या आमदारसाहेब बसणार. आधी मी बसून बघतो." ते पांढरीशुभ्र टोपी घालून मागं बसले. जीप सुरू झाली. पहिल्याच धोंड्यावर चाक चढायला गेलं आणि शॉकपातला दांडा जागचा हलेना. नळीत तेल ठासून भरलेलं. दांड्यानं जावं कुठं? चाक वर जाईना म्हणून जीपच वर गेली. जीप खाली आली तेव्हा रंगराव वर होते. रंगराव खाली आले तेव्हा जीप परत वर येत होती. छताच्या ताडपत्रीला भोक पडलं आणि टोपी बाहेरच्या बाजूला राहिली.

रंगरावांना दोघांनी धरून घरी नेलं. बसवलं तर बसता येईना, म्हणून पालथं निजवलं. वाडीतल्या बायका तोंडाला पदर लावून बघून गेल्या. त्यात कुणाला दुःख झालं असं दिसलं नाही.

मिस्त्रींनी शॉकप उघडला. तेलाची कारंजी उडाली.

"खुणेपतोर भर म्हटलं हुतं."

"वर पोकळी ऱ्हायली हुती, मिस्त्री. घात झाला असता."

मिस्त्री एका दगडावर बसले. त्यांना आता रागही येत नव्हता. लहान लेकराला समजवावं तसे ते म्हणाले, "म्हाळू, माझ्याकडं बघ. ही शेवटची गोष्ट सांगतो, आन् ही तू मरंपतोर इसरू नगंस. चाकाला काम करायचं असंल तर त्याला जागा लागती. जागा नसली की चाक अडतं. चाक खाली-वर हालंना झालं, की गाडीला शिव्या घालायच्या न्हाईत. बघायचं, जागा कुठं कमी पडली. आन् तिथं जागा करून द्यायची. आलं का ध्यानात?"

म्हाळूचे डोळे भरून आले. एवढ्या मायेनं त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. "आलं, मिस्त्री. देवाशपथ आलं."

मिस्त्रींनी शॉकप स्वतः भरले, स्वतः बसवले. संध्याकाळी चाचणी झाली. तलाठ्याच्या खड्ड्यात चाक हातभर खाली उतरलं आणि वर फळीवर ठेवलेल्या तांब्यातलं पाणी नुसतं थरथरलं. जीप झाली होती. खरंच झाली होती.

आणि दुसरीकडं एक चमत्कार घडत होता. आमदारसाहेब येणार म्हणजे त्यांची लांबलचक गाडी डोंगर चढणार. ती खड्ड्यातून कशी चढेल? रंगरावांनी पालथं पडल्या पडल्या मेहुण्याला फोन केला. चार दिशांनी डंपर आले, रोलर आला, जेसीबी आला. जो रस्ता कधीचाच झालेला होता आणि म्हणून पुन्हा होऊ शकत नव्हता, तो एका रात्रीत झाला. अगदी वरपासून खालपर्यंत, काळाभोर, गुळगुळीत.

रविवारी पहाटे वाडीतल्या बायका नुसत्या रस्ता बघायला गेल्या. हौसानं चपला काढून हातात घेतल्या आणि डांबरावरून चालत वळणापर्यंत जाऊन आली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हणाली, "आता काशी न्हाई जात कुठं. बैलगाडीतनं न्हेलं तरी दूध पोचतंय." मिस्त्रीही हसले. रस्ताही आला, जीपही आली. मुरमटेकचं नशीब एवढं कधी फळफळलं नव्हतं.

देवळापुढं मांडव पडला. कर्णा लागला. दुधाचे कॅन धुऊन, भरून, फुलं बांधून मांडवात ओळीनं मांडले. आमदार सकाळी येणार होते, म्हणजे जेवायच्या वेळेपर्यंत येणार नव्हते. मिस्त्रींनी नवा सदरा घातला होता. ते म्हणाले, "म्हाळू, गाडी जरा खाली फिरवून आण. मागची चाकं खाली-वर चालत्यात न्हवं, तेवढं डोळ्यानं बघ."

म्हाळू निघाला. एका हातानं स्टिअरिंग धरलं, मुंडकं बाहेर काढलं आणि मागच्या चाकाकडं बघत बघत डोंगर उतरायला लागला. चाक फिरत होतं. पण खाली जात नव्हतं. वरही येत नव्हतं. त्यानं पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं. चाक आपलं ढिम्म. काल हातभर नाचणारं चाक आज मेल्यागत झालं होतं.

म्हाळूला मिस्त्रींचा चेहरा आठवला, हौसा आठवली, दावणीची काशी आठवली. पण आज तो घाबरून पळाला नाही. गाडीला शिव्याही दिल्या नाहीत. तो खाली उतरला आणि सांगितल्याप्रमाणं शोधायला लागला, जागा कुठं कमी पडली. शॉकपात जागा होती. पट्ट्याला ढील होती. मग त्यानं चाकाखाली बघितलं. तिथं जागाच नव्हती. काळं, टणक, सपाट. चाकानं खाली जावं तरी कुठं?

कडेला जेसीबी उभा होता. त्याचा चालक सावलीत बिडी ओढत होता.

"दादा, हितं खणायचंय," म्हाळू म्हणाला.

"नवा रस्ता?"

"व्हय."

चालकानं बिडी विझवली. नवा डांबरी रस्ता झाला की दुसऱ्या दिवशी तो खणायचा असतो, कधी पायपासाठी, कधी तारेसाठी, हे त्याला नोकरीत लागल्यापासून माहीत होतं. त्यानं फक्त विचारलं, "किती खोल?"

"हातभर," म्हाळू म्हणाला. "एक डावीकडं, एक उजवीकडं, असं पार वरपासनं खालपतोर. दोन्ही चाकांना वाव मिळाया पायजे."

वर कर्णा एवढा मोठ्यानं वाजत होता की जेसीबीचा आवाज कुणाला गेला नाही. म्हाळू पुढं चालून जागा दाखवत होता. प्रत्येक खड्ड्यात उतरून माप घेत होता. एखादा उथळ वाटला तर परत खणायला लावत होता. असं नेटकं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. मग त्यानं जीप त्यावरून चढवत वर आणली. चाकं हातभर खाली, हातभर वर. मांडवात येऊन मिस्त्रींना म्हणाला, "चाकं झ्याक चालत्यात."

"शाब्बास," मिस्त्री म्हणाले.

जेवायच्या वेळी खालून आरडाओरडा झाला. आमदारांची लांबलचक गाडी पहिल्याच खड्ड्यात नाक खुपसून बसली होती. मिस्त्री जीप घेऊन धावले. उतरताना त्यांनी रस्ता बघितला. त्यांचा नवा सदरा घामानं भिजला.

रंगराव बुडाखाली उशी घेऊन मागं बसले होते. ते मुरलेले गडी. खाली पोचताच त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, खास आपल्यासाठी! मुद्दाम खड्डे काढून ठेवलेत. प्रात्यक्षिक!" मेहुणा शेजारीच होता. त्यानं लगेच मान डोलावली आणि खड्ड्यांचं बिल वेगळं लावायचं हे मनात टिपून घेतलं.

आमदार जीपमध्ये बसले. त्यांच्या हातात काठोकाठ भरलेला दुधाचा पेला दिला. जीप डावीकडं उतरली, उजवीकडं चढली, डावीकडं चढली, उजवीकडं उतरली. माथ्यावर पोचेपर्यंत पेल्यातला थेंब सांडला नाही. आमदारांनी तो पेला मांडवात उभ्या उभ्या पिऊन टाकला आणि कर्ण्याचा माईक हातात घेतला.

"बंधुभगिनींनो, मला जो तो भेटायला येतो तो रस्ता मागतो. आज मुरमटेकनं माझे डोळे उघडले. अशी जीप असताना रस्ता हवाच कशाला? हा रस्ता आता कुणी दुरुस्त करायचा नाही. आणि ही जीप मी माझ्याबरोबर नेतोय. जिथं जिथं रस्ता मागतात, तिथं तिथं दाखवणार."

रंगरावांनी टाळी वाजवली, म्हणून सगळ्यांनी वाजवली. आमदारांची गाडी तर खड्ड्यातच होती. ते जीपमध्ये बसले, त्यांची माणसं बसली, आणि कडेला जागा होती तिथं आमदारांच्याच गाडीतून आलेले तपासनीस बसले. जाता जाता त्यांनी मांडवातल्या कॅनकडं बघून सांगितलं, "तासाभरात केंद्रावर पोचवा. उशीर झाला तर नाव पुसलं."

जीप दिसेनाशी झाली. ऊन वर आलं होतं. कॅनवरची फुलं मान टाकायला लागली. हौसा आपल्या कॅनवर हात ठेवून उभी होती. "आता कशानं न्यायचं?" ती म्हणाली. खणलेल्या खड्ड्यात बैलगाडीचं चाक शिरलं तर बाहेर निघणार नव्हतं. गोठ्यातून काशी हंबरली, तेव्हा हौसा मटकन खाली बसली.

मिस्त्रींनी म्हाळूला जवळ बोलावलं. आवाज त्यांनी आताही चढवला नाही.

"म्हाळू, चांगला रस्ता का खणलास?"

"चांगला कुठला, मिस्त्री? बिघडला हुता. पार वरपासनं खालपतोर सपाट. चाकाला खाली जायला कुठंच जागा न्हाई. म्या येळेत बघितलं म्हणून बरं झालं."

मिस्त्री त्याच्याकडं बघत राहिले. ते शाब्बास का म्हणत नाहीत, हे म्हाळूला कळेना. मग त्याला वाटलं, काम अर्धवट सोडलं म्हणून नाराज असतील.

"देवळामागं जराशी सपाटी ऱ्हायली हाय," तो म्हणाला. "जेसीबीवाला जेवून आला की तेवढी बी काढून टाकतो."